ब्रेसेस लावण्यापूर्वी मुलाला नीट दात घासायची सवय कशी लावावी?

चाफेकळी

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि नववीत शिकतो. त्याचे वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर, हिरडीत बरेच वर आले आहेत आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. आम्ही कोथरूडला राहतो. घराजवळच्या ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी, ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक्स-रे) काढला, दातांची मापे घेतली आणि ब्रेसेसची गरज आहे हे मान्य केले. मात्र आत्ता तारा लावणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दोन दाढांना कीड लागली आहे, हिरड्या सुजलेल्या आहेत आणि जरा स्पर्श झाला तरी रक्त येते. आधी स्केलिंग, म्हणजे दातांवरचे कडक थर उपकरणाने काढणे, करायचे, कीड भरून घ्यायची आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी हिरड्या कशा आहेत हे पाहून पुढचा निर्णय घ्यायचा, असे ठरले आहे.

त्यांचे म्हणणे मला पटले आहे. माझी अडचण वेगळी आहे. दात घासण्याविषयी मी किंवा त्याचे बाबा काही बोलायला गेलो की ‘घासले ना मी’ एवढेच उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते. ब्रश ओला असतो, तोंडाला पेस्टचा वास असतो, पण हिरडीच्या कडेला पांढरट थर तसाच राहिलेला असतो. या वयाच्या मुलामागे दिवसातून दोनदा न्हाणीघराच्या दारात उभे राहणे मला योग्य वाटत नाही आणि त्याला तर ते मुळीच सहन होत नाही. ज्यांच्या घरी हा टप्पा पार पडला आहे, त्यांनी नेमके काय केले हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

नारायणपेठ

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या मुलीच्या हिरड्याही फार चांगल्या नव्हत्या, पण तिच्या डॉक्टरांनी तारा लावल्या आणि त्यानंतर ती आपणहून काळजी घेऊ लागली. तोंडात तार आली, अन्न अडकू लागले, आरशात ते दिसू लागले, की मुले सुधारतात. सहा आठवड्यांचे पुढे सहा महिने व्हायला वेळ लागत नाही. शिवाय दहावीचे वर्ष तोंडावर आलेले असताना उपचार लांबवणे व्यवहार्य आहे का, याचाही विचार करावा.

दातांची_शाळा

मी व्यवसायाने दंतवैद्य आहे आणि सिंहगड रस्ता परिसरात काम करतो. नारायणपेठ यांच्या मुलीच्या बाबतीत चांगले घडले याचा आनंद आहे, पण तो नियम म्हणून स्वीकारण्यात मोठा धोका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दातांवर जिवाणूंचा जो चिकट थर साचतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की त्यातल्या जिवाणूंपासून आम्ल तयार होते आणि त्या जागेचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, खनिजे बाहेर पडू लागतात. लाळ हे नुकसान काही प्रमाणात भरून काढते. ब्रेसेसमध्ये प्रत्येक दातावर एक छोटा चौकोनी तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, चिकटवलेला असतो आणि त्यातून तार गेलेली असते. त्यामुळे प्लाक साचायला नव्या जागा मिळतात आणि लाळ, जीभ, गाल यांच्यामुळे एरवी होणारी सफाईही कमी होते. अशा दातावर प्लाक राहू दिला, तर ब्रॅकेट आणि हिरडी यांमधल्या पट्टीत खडूसारखा पांढरा डाग पडायला महिनाभरही पुरतो. उपचार दीड-दोन वर्षे चालतो. सुजलेल्या हिरड्या तारा लावल्यावर आणखी फुगतात, कधी कधी ब्रॅकेटवर चढतात, आणि मग तिथे ब्रश पोहोचेनासा होतो.

आता वेळेविषयी. जबड्याची वाढ वळवायची असेल किंवा सुळा हाडात अडकलेला असेल, तर ठरावीक वय महत्त्वाचे असते आणि त्याबद्दल आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टांना जरूर विचारावे. पण सुळे बाहेर आलेले आहेत आणि दातांना जागा कमी आहे, अशा नेहमीच्या परिस्थितीत चौदाव्या वर्षी काही आठवडे थांबल्याने सहसा काही बिघडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले, हे मुलाच्या हिताचेच केले.

मुळाकाठ

पांढऱ्या डागांविषयी दातांची_शाळा यांनी लिहिले आहे, त्याला मी पुष्टी देते. माझ्या भाचीच्या तारा बारावीनंतर निघाल्या. दात सुरेख ओळीत आले होते, पण वरच्या चार दातांवर मधला चौकोन मूळ रंगाचा आणि त्याच्या खाली-वर पांढरी, निस्तेज चौकट असे दिसत होते. दात कोरडे झाले, की ते जास्तच उठून दिसतात. नंतर फ्लोराइडचे उपचार झाले आणि बराच फरक पडला, तरी दोन दातांवरचे डाग राहिलेच. ज्या हसण्यासाठी एवढा खर्च आणि त्रास सोसला, त्यावरच हा ठसा उमटला, याचे तिला आजही वाईट वाटते.

वेताळटेकडी

चाफेकळी, तुम्ही जे वर्णन केले आहे, ते हुबेहूब आमच्या घरचे होते. ‘घासले ना मी’ हे वाक्यही तेच. आमच्याकडे फरक पडला तो प्लाक दाखवणाऱ्या रंगाने. गोळी चावायची किंवा द्रावण कापसाने दातांना लावायचे, हलकी चूळ भरायची, की जिथे प्लाक आहे तिथे गडद गुलाबी रंग राहतो आणि स्वच्छ दात स्वच्छच दिसतो. आमच्या दंतवैद्यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे लावून दाखवले आणि नंतर घरी वापरण्यासाठी गोळ्या दिल्या.

महत्त्वाचे हे की आम्ही त्याला आधी नेहमीसारखे दात घासायला सांगितले आणि मग रंग लावला. माझा मुलगा उजव्या हाताने घासतो. त्याच्या डाव्या बाजूच्या दाढा बऱ्याच स्वच्छ निघाल्या, पण उजवीकडच्या सुळ्याच्या वळणापासून मागे सगळ्या हिरड्यांच्या कडेला गुलाबी रेघ होती. खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू तर पूर्ण रंगलेली होती. त्याने ते आरशात पाहिले, मोबाइलवर फोटो काढला आणि कोणी काही सांगायच्या आत पुन्हा ब्रश हातात घेतला. मी त्या वेळी एक शब्दही बोलले नाही आणि तेच सर्वांत उपयोगी पडले, असे मला वाटते. आपण सांगितले की ती टीका होते. रंग मात्र फक्त जागा दाखवतो.

एक सूचना आहे. हा रंग ओठांवर आणि जिभेवर काही तास राहतो, म्हणून रात्रीच लावावा आणि अंगात जुना शर्ट असावा. आमच्या सासूबाईंनी त्याचे लाल तोंड पाहून ‘पान कुठे खाऊन आलास?’ असा गंभीर प्रश्न विचारला होता आणि मग सगळे घर हसले होते.

दातांची_शाळा

वेताळटेकडी यांनी लिहिलेल्या जागा अगदी नेमक्या आहेत. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला प्लाक लवकर कडक होऊन त्याचे किटण बनते. वरच्या मोठ्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला हेच घडते, कारण तिथेही लाळेची नळी उघडते. किटण एकदा बनले, की ते ब्रशने निघत नाही. त्यासाठी स्केलिंगच लागते. ‘स्केलिंगने दात हलतात’ हा समज चुकीचा आहे.

आणखी एक जागा सांगतो. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी मोठी दाढ येते. ती पूर्ण वर येईपर्यंत तिची पातळी पुढच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. तिच्यासाठी ब्रश आडवा आत नेऊन मुद्दाम टेकवावा लागतो. वरच्या मागच्या दाढांची गालाकडची बाजू घासताना तोंड मोठे उघडू नये, कारण मग गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटून जबडा किंचित त्या बाजूला सरकवला, की ब्रश सहज आत जातो. ही एवढी गोष्ट मुलांना कोणी दाखवलेली नसते. हिरड्या स्वच्छ झाल्यावर या दाढांवरच्या खोल खाचांमध्ये सीलंट, म्हणजे कीड रोखणारा पातळ लेप, भरायचे का, हेही विचारून घ्यावे.

आप्पा_शनिवारपेठ

आमच्या लहानपणी घरात राखुंडी असे आणि गावी गेलो, की कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी. माझे वय पंचाहत्तर आहे आणि बहुतेक दात स्वतःचे आहेत. माझा प्रश्न मनापासूनचा आहे : मुलांना काडी का देऊ नये? बाजारच्या पेस्टमध्ये असे काय आहे?

दातांची_शाळा

आप्पा, तुमचे दात टिकले याबद्दल अभिनंदन. काडी चावून तिचा कुंचला नीट केला आणि प्रत्येक दातावर फिरवला, तर प्लाक निघतो, हे खरे आहे. पण चढलेल्या दातांच्या मागे आणि पुढे ब्रॅकेटच्या भोवती काडी पोहोचणार नाही. दुसरे म्हणजे पेस्टमधले फ्लोराइड. ते एनॅमलमध्ये खनिजे परत बसायला मदत करते आणि ज्याला कीड लागण्याची प्रवृत्ती आहे, अशा मुलासाठी ते टाळणे हिताचे नाही. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असते, ते पाहून पेस्ट घ्यावी. राखुंडी आणि खरखरीत मंजने मात्र एनॅमल झिजवतात. मिश्री तर भाजलेली तंबाखूच आहे. अजूनही काही घरांत आजीच्या डबीतून ती मुलांच्या हाती जाते, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आणखी एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे दात घासून झाल्यावर खळखळून चार-पाच चुळा भरतात. त्याने दातांवर राहायला हवे ते फ्लोराइड वाहून जाते. फेस थुंकून टाकावा आणि त्यानंतर भरपूर पाण्याने तोंड धुऊ नये, विशेषतः रात्री.

सह्यकडा

आमची अडचण पद्धतीची नव्हती, वेळेची होती. मुलाचा क्लास रात्री नऊनंतर सुटे. घरी येऊन जेवण, थोडा अभ्यास, मग हातात मोबाइल घेऊन तो अंथरुणावर पडे आणि तिथून उठून दात घासायला जाणे त्याच्या जिवावर येई. आम्ही फक्त क्रम बदलला. जेवण झाले, ताट उचलून ठेवले, की थेट बेसिनकडे. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. झोपेने डोळे मिटत असताना कोणाकडूनही दोन मिनिटे लक्षपूर्वक घासले जात नाहीत, मग मुलाकडून ती अपेक्षा कशी करायची? रात्रीचे असे व्यवस्थित बसल्यावर सकाळच्या घाईविषयी आम्ही फार आग्रह धरला नाही.

बाणेरची_आई

खाण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आम्हाला आहारतज्ज्ञांनी समजावले, की गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दातांसाठी जास्त महत्त्वाचे असते. जेवणासोबत एक श्रीखंडाची वाटी संपवणे वेगळे आणि अभ्यास करताना तीन तास बिस्किटाचा पुडा समोर ठेवून एकेक तोंडात टाकणे वेगळे. प्रत्येक वेळी तेच आम्ल पुन्हा तयार होते आणि लाळेला सावरायला वेळ मिळत नाही. शीतपेयाची बाटली दप्तरात ठेवून घोट घोट पिणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार आहे. आम्ही घरात खारे शेंगदाणे, फुटाणे, पनीर, काकडी अशा गोष्टी हाताशी ठेवल्या आणि गोड जेवणाला जोडले. तारा लागल्यावर चिक्की, अख्खा पेरू, उसाचे करवे हे बंदच होणार आहे, कारण त्याने ब्रॅकेट निघतात. तेव्हा ही तयारी आत्तापासून झालेली बरी.

पिंपळे_गुरव

इलेक्ट्रिक ब्रशचा उपयोग होतो का? की ती केवळ महागडी हौस आहे? आणि माउथवॉश दिला तर चालेल का? आमच्याकडेही हीच चर्चा चालू आहे.

दातांची_शाळा

उपयोग होतो, पण मर्यादित. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने तीन महिन्यांनंतर प्लाक सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली होती. ज्या मुलाला हाताची हालचाल नीट जमत नाही किंवा दोन मिनिटांचा अंदाज येत नाही, त्याला त्यातल्या टायमरचा फायदा होतो. पण तो ब्रश हिरडीच्या कडेपर्यंत नेला नाही, तर प्लाक तिथेच राहतो. साधा मऊ ब्रश पुरेसा आहे. तो दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ४५ अंशांत तिरका टेकवायचा, केसांची टोके हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतील एवढाच दाब द्यायचा, त्याच जागी आखूड, थरथरती हालचाल करायची आणि मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवून घ्यायचा. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढची जागा. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश लागतो.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस वापरावा. तो लांबवला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. घासण्याऐवजी माउथवॉश, हा मार्ग नाही.

सुसरोड

आम्ही मोबाइलचा वेळ दात घासण्याशी जोडला होता. घासले तर मोबाइल, नाहीतर नाही. पंधरवडाभर उत्तम चालले.

वेताळटेकडी

सुसरोड, पंधरवड्यानंतर काय झाले, हे तुम्ही लिहिले नाही, पण मला अंदाज आहे. बक्षीस किंवा शिक्षा असेल, तर मूल ते मिळवण्यापुरते किंवा टाळण्यापुरते घासते आणि ब्रश ओला करून यायला शिकते. चाफेकळींची मूळ तक्रार तीच आहे. त्यापेक्षा डॉक्टरांनी मुलाशी थेट बोलावे, आईवडिलांशी नव्हे. आमच्या ऑर्थोडॉन्टिस्टांनी मला बाहेर बसायला सांगितले आणि त्याला एकट्याला विचारले, ‘तुला हे दात सरळ करून हवेत का?’ तो हो म्हणाला. त्यानंतर हे काम त्याचे झाले.

सुसरोड

खरे आहे. पंधरवड्यानंतर ते थांबले. मुलाशी डॉक्टरांनी बोलण्याची कल्पना मला आवडली आहे.

मुळाकाठ

थोडे खर्चाविषयी. आधी स्केलिंग, मग कीड भरणे, मग तारा, असा खर्च वाढत जातो म्हणून काही पालक पहिला टप्पा गाळतात. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांनी पुण्यातल्या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. धनकवडीला भारती विद्यापीठाचे, पिंपरीला डी. वाय. पाटील यांचे, वडगावला सिंहगडचे आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, अशी महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण शुल्क बरेच कमी असते.

चाफेकळी

सर्वांचे मनापासून आभार. वेताळटेकडींनी लिहिल्याप्रमाणे रंग लावून पाहिला. वर चढलेल्या दोन्ही सुळ्यांच्या मागे जो कोपरा तयार झाला आहे, तो सगळा गुलाबी होता आणि खालचे दात आतून तसेच होते. त्याने बराच वेळ आरशासमोर काढला आणि ब्रश उभा धरून फक्त टोकाच्या केसांनी तो कोपरा घासण्याची युक्ती स्वतःच शोधली. स्केलिंगही झाले आहे.

आता नवा प्रश्न आहे. कडेपर्यंत ब्रश नेला, की रक्त येते. बेसिनमध्ये लाल फेस पाहून तो घाबरतो आणि नेमकी तीच जागा पुढच्या वेळी सोडून देतो. त्याच्या आजीचेही म्हणणे आहे, की रक्त येते तिथे घासू नये. काय करावे?

दातांची_शाळा

हा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरे झाले, कारण बहुतेक मुले इथेच अडतात. रक्त ब्रशमुळे येत नाही, तिथे साचून राहिलेल्या प्लाकमुळे हिरडी सुजलेली असते म्हणून येते. ती जागा सोडली, की प्लाक वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. पौगंडावस्थेत शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या तितक्याच प्लाकला जास्त तीव्र प्रतिसाद देतात, हेही त्याला सांगा, म्हणजे आपल्यालाच काहीतरी झाले आहे असे त्याला वाटणार नाही.

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग त्याला जरूर सांगा. नववीतल्या मुलाला तो आवडेल. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबवले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. तुमच्या मुलाचे स्केलिंग झाले आहे, त्यामुळे मऊ ब्रशने, कमी दाबाने पण न चुकता त्याच जागी घासले, तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त बरेच कमी व्हायला हवे. नीट घासूनही दोन आठवड्यांनंतर तितकेच रक्त येत असेल, तर मात्र दाखवून घ्यावे. तो झोपेत तोंडाने श्वास घेतो का, याकडेही लक्ष द्या. त्याने वरच्या पुढच्या हिरड्या कोरड्या पडतात आणि सूज हटत नाही.

आप्पा_शनिवारपेठ

आजीबाईंना माझ्याकडून सांगा, की मीही आजवर तेच समजत होतो आणि डॉक्टरांचे म्हणणे मला पटले आहे. माझ्याही डाव्या दाढेशी रक्त येते. तपासून घेईन.

नारायणपेठ

मी पहिल्यांदा जे लिहिले, ते माझ्या मुलीच्या अनुभवावरून होते. तिच्या स्वभावात टापटीप होतीच, तारांनी तिला निमित्त मिळाले. प्रत्येक मुलाचे तसे होईल असे नाही, हे मान्य करतो. पण वेळेबद्दलची माझी काळजी कायम आहे. सहा आठवड्यांनी डॉक्टर नेमके काय पाहणार आहेत, हे मुलाला आत्ताच माहीत असावे. परीक्षेचा अभ्यासक्रमच दिला नाही, तर तयारी कशाची करायची?

दातांची_शाळा

नारायणपेठ यांची ही सूचना फार योग्य आहे. चाफेकळी, पुढच्या भेटीत मुलालाच हे विचारू द्या : हिरडीला बोथट उपकरण लावल्यावर किती जागी रक्त आलेले चालेल, रंग लावून प्लाक तपासणार का, आणि एखादी जागा राहिली तर पुन्हा किती दिवसांनी यायचे? त्याच भेटीत ब्रॅकेटसाठीचा मधोमध खाच असलेला ब्रश आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश मागून घ्या. तारा लागायच्या आधीच तो हातात सरावाचा झालेला असावा. पहिल्या आठवड्यात दात दुखत असताना नवी हालचाल शिकणे कोणालाच जमत नाही.

चाफेकळी

तिन्ही प्रश्न त्याने त्याच्या वहीत लिहून घेतले आहेत. चौथा त्याने स्वतः जोडला आहे : तारा असताना फुटबॉल खेळता येईल का, आणि त्यासाठी वेगळा माउथगार्ड लागतो का?

दातांची_शाळा

खेळता येईल आणि माउथगार्ड लागतो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर घट्ट बसवायचा नेहमीचा प्रकार मात्र घेऊ नये, कारण दात सरकत असतात आणि तो ब्रॅकेटमध्ये अडकतो. ब्रेसेससाठीचा सैल माउथगार्ड मिळतो, तो ऑर्थोडॉन्टिस्टांनाच विचारून घ्यावा आणि प्रत्येक खेळानंतर ब्रशने धुऊन कोरडा करून ठेवावा.